आठव्या दिवसाचं पाणी

३ मे

कुईंऽऽ कुईंऽऽ — मोटेचं चाक! आज स्वप्नातल्या त्याच आवाजानं जाग आली. सत्तर वर्षं झाली. पोलीस अ‍ॅक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, तेव्हा पाचोडला आमची मराठी शाळा भरायची, विहिरीला लागूनच. गुरुजी मोटेच्या ठेक्यावर कविता म्हणवून घेत. चाक थांबलं की आम्हीही कडव्यात मध्येच थांबायचो!

आज आठवा दिवस, पाण्याची पाळी. नळ अठरा मिनिटं चालला. समोरची बारा मजली इमारत भरण्याआधी पंचेचाळीस मिनिटं यायचं. वहीत टिपलं. लोक तिथं राहायला आले त्या महिन्यापासून टिपतोय.

७ मे

वहीची झेरॉक्स जोडून महापालिकेत अर्ज दिला. नव्या इमारती उठतात तेव्हा जुन्या गल्लीच्या पाण्याचं काय होतं, हे कोणी मोजतं का? साहेब म्हणाले, "तुम्हीच मोजताय की, आजोबा!" हसले. मीही हसलो, वेड्यासारखा!

९ मे

सकाळी फिरायला निघालो, तर बुलेट आडवी. इमारतीच्या मालकाचा माणूस. "आजोबा, रोज एकटेच फिरता का? रस्ता लई खराब हाय. जपून." हात जोडले आणि गेला. फिरणं सोडून घरी आलो. म्हणजे झेरॉक्स तिथवर पोचली!

१० मे

झेरॉक्स दिलेली पानं वहीत पुन्हा वाचली. काय करून बसलो मी! आमच्या व्हॉल्व्हवाल्या कडूबाचं बोलणं शाळेतल्या निबंधासारखं जसंच्या तसं उतरवलंय — "नाना, तुमच्या लाईनीला त्या इमारतीनं चोरून जोड मारलाय. म्या डोळ्यानं पाह्यलं. पण माझं नाव कुठं घेऊ नका." हे शेवटचं वाक्यसुद्धा! अवतरणचिन्हांत! कडूबा तर पाण्याच्या कंत्राटदाराकडं रोजंदारीवर.

११ मे

पाळी. व्हॉल्व्ह उघडायला दुसराच माणूस. "कडूबा कुठाय?" — "घरी बसवलाय." पाणी किती मिनिटं आलं, पाहिलंच नाही.

१३ मे

बुलेटवाला फाटकाशी. आत आला नाही. "अर्ज मागं घ्या, कडूबा बी कामावर येईल. परवापर्यंत बघा." कडी तीनदा तपासली. पुण्याला मुलाला कळवलं नाही — तो म्हणेल, बाबा, ताबडतोब इकडं या. फाटकावर नुसती मांजर उडी मारते तरी उठून खिडकीशी जातो.

१४ मे

चार ओळी लिहिल्या. "तक्रार गैरसमजातून झाली." सही दुसऱ्याची वाटते. कविता पाठ नसली की बाकाखाली लपायचो — तेव्हा निदान सात वर्षांचा होतो. पण कडूबाच्या घरी चूल पेटायला हवी. उद्या देणार.

१५ मे

पत्र खिशात घातलं, चपला घातल्या — तोच दारावर थाप. पुन्हा थाप! फटीतून पाहिलं तर बाई. कडूबाची बायको, सरूबाई! शिव्या खायच्या तयारीनं कडी काढली.

"नाना, मागं घेतला का अर्ज?"

"निघालोच होतो, माय."

"मंग आत व्हा." तिनं पदराआडून मळकी वही काढली. कडूबाचं अक्षर. व्हॉल्व्ह कधी उघडला, कधी बंद केला, जोड कोणत्या तारखेला मारला, कोण कोण उभं होतं — सगळं!

"ते यायला भ्याले, म्हणून म्या आले. ह्ये बी जोडा. आन् ह्या बारीला आमच्या ह्यांचं पुरं नाव लिव्हा, आडनावासकट."