मुंग्या मनगटापर्यंत आल्या होत्या

आबा, तुमच्या हाताचं दुसरं ऑपरेशन मी का थांबवलं? मला खरंच आशा होती म्हणून, की घरात पहिल्यांदाच सगळे मला विचारून ठरवत होते या मोहापायी, हे मला अजून सांगता येत नाही. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली.

चोपड्याजवळच्या बागेत केळीचा घड उतरवताना जोडीदाराचा कोयता निसटला आणि तुमच्या उजव्या दंडात मागून खोल गेला. गावात टाके पडले, जखम मिटली, पण मनगट उचलेना. हात पुढे केला की पंजा खाली लोंबायचा. मी तेव्हा धुळ्याला फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षा होईपर्यंत पोरीला कळवायचं नाही, असं तुम्ही आईला बजावलंत. मी घरी आले तेव्हा सात महिने उलटून गेले होते. जळगावला नस शिवली तेव्हा आठवा सरत होता.

शिवलेली नस लगेच चालू होत नाही. तुटल्या जागेच्या पुढचा भाग मरतो आणि वरून नवे धागे दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढत खाली येतात. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हणजे केळीना पिलासारखं." बुंध्याशी नवा कोंब फुटून वाढतो, तसं. किती खूश झाला होतात तुम्ही. उरलेलं अर्धं मी सांगितलं नाही. नसेचा धागा स्नायूला जिथे जोडला जातो, ती जागा त्याची वाट पाहते, पण वर्ष-दीड वर्षच. मग स्नायू आक्रसतो, त्यात चरबी भरते, आणि उशिरा आलेल्या धाग्याला जोडून घ्यायला कुणी उरत नाही. ज्या परीक्षेसाठी तुम्ही हात लपवलात, त्याच परीक्षेत हा प्रश्न आला होता. मी तो चांगला लिहिला होता.

टाके काढायच्या दिवशी सर्जन म्हणाले, "नस फार उशिरा शिवली आहे. तिच्या भरवशावर राहण्यापेक्षा हाताच्या पुढचा एक चालू स्नायू मागे जोडू. मनगट उचललं जाईल, पुन्हा काम करता येईल." तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "मनी पोर शिकेल शे. तिले इचारा." ते खरोखरच माझ्या उत्तरासाठी थांबले. मी म्हणाले, "सर, नसेला थोडा वेळ देऊ या." एवढंच. तुम्ही मान हलवलीत आणि सदरा घालायला लागलात.

मग दर रविवारी तुम्ही खाटेवर बाही वर करून बसता. मी दंडापासून खाली बोटानं टिचक्या मारत जाते, जिथे मुंग्या येतात तिथे तुम्ही "हां" म्हणता, मी पेनानं खूण करते. खूण कोपराखाली येते, पुढच्या थंडीत मनगटाजवळ पोचते. मी आनंदानं आईला हाक मारते. त्या मुंग्या स्पर्शाच्या धाग्यांच्या होत्या, आबा. मनगट उचलणाऱ्या स्नायूवर मी बोटं ठेवायची, खाली काहीच हलायचं नाही, आणि मी म्हणायची, "येतंय." कापणीची माणसं रस्त्यानं जाताना विचारत, "काय आबा, हात झोपेल शे का आजून?" तुम्ही म्हणायचात, "रातपाळी करी ऱ्हायना तो." ते हसायचे. तुम्ही तेव्हा त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहायचात.

दीड वर्षानंतर मीच ऑपरेशनचं काढलं. तुम्ही म्हणालात, "आते ऱ्हाऊ दे, माय." तोवर पॅकिंगच्या शेडमध्ये बायकांच्या रांगेत बसून तुम्ही डाव्या हातानं केळीच्या फण्या धूत होतात. पुढच्या उन्हाळ्यात तुमचं हृदयच थांबलं.

आता मी जळगावच्या एका दवाखान्यात आहे. रावेरहून, यावलहून असेच हात येतात, बहुतेक उशिराच. मी प्रत्येकाला दोन्ही अर्धी सांगते. खरं सांगितल्यानं हात उठत नाही, हेही मला आता कळलं आहे.

आई मात्र सगळ्यांना सांगायची की पोरीनं काही कसर ठेवली नाही. मागच्या रविवारी मी घरी गेले. ती तूर पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं.

"डॉक्टर करू म्हने, आनि तू नही म्हनी?"

"हो."

सूप तसंच हलत राहिलं. ती म्हणाली, "हात त्यास्ना व्हता, माय." मी बससाठी निघाले तेव्हाही ती पाखडतच होती. अजून तिचा फोन आलेला नाही.

हे पत्र आधी लिहिलं असतं तर मला हलकं वाटलं असतं, आणि मग मी तिला सांगितलं नसतं. माझं मला माहीत आहे. म्हणून आधी तिला सांगितलं, आणि आज हे लिहायला बसले.