पांजणगल्लीची वहिवाट

नागपूर,
रविवार, २६ मे २०२४

चि. चेतन,

अनेक आशीर्वाद. नंदिनीलाही. तुम्ही पुण्यात सुखात असालच. इकडे ऊन असं आहे की कूलरच्या टाकीतल्या पाण्यानेही पोळतं. आम्ही दोघी ठीक आहोत. आई बरी आहे, आत झोपली आहे. अक्षर वाईट आलंय, समजून घे. उजव्या तळहाताला थोडं लागलंय, विळीवर कैरी चिरताना.

फोन करत राहता आलं असतं. पण फोनवर तू लगेच ‘ताई, मुद्द्यावर ये’ म्हणतोस, आणि हा मुद्दा असा आहे की त्याच्यावर एकदम येता येत नाही. म्हणून कागद घेतला. कागद मधे बोलत नाही.

टॉवरसाठी तू पाठवलेलं संमतिपत्र मिळालं. समोरचे मारोतराव त्यासाठी परवापरवापर्यंत रोज दारात येऊन उभे राहायचे. समोरच्या ओळीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या. “शामलाबाई, काहून अडून राहिल्या तुमी? लिफ्ट येऊन राहिली. माहे गुडघे पाहा, तुमच्या आईचे पाहा,” असं म्हणायचे. त्यांचा नातू ऋषी बिल्डरच्या ऑफिसात आहे. त्यानेच मला नकाशा समजावला. टॉवरला रुंद रस्ता लागतो, तो मागच्या बाजूला आहेच. मधली आपली गल्ली कोणाच्या येण्याजाण्याची नाही, तिच्यावर कोणाची वहिवाट नाही असं एकदा ठरलं, की दोन्ही ओळींची घरं आणि गल्ली मिळून एकच प्लॉट. खाली गाड्या, वर माणसं, आणि चारही बाजूंनी मोकळं सोडायचं ‘सामासिक अंतर’. मी हसले तर तो गोंधळला. अरे, मी शाळेत जन्मभर समास शिकवला. द्वंद्व समासात दोन पदं अशी खेटून उभी राहतात की मधलं ‘आणि’सुद्धा गळून पडतं. आईबाप. बहीणभाऊ. आपल्या गल्लीतली घरं तशीच आहेत, भिंतीला भिंत. इथे पोळी लाटली की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. आता त्यांच्या मधे अंतर सोडलं तरच ते घर म्हणे.

नंदिनीला हे वाचून दाखव, आणि तिला माहीत नाही म्हणून गल्लीचंही सांगते. आम्ही कोष्टी. विणायच्या आधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला खळ पाजावी लागते, म्हणजे सूत मागावर तुटत नाही. तिला पांजणी म्हणतात. त्यासाठी साऱ्या लांबीचा ताणा उघड्यावर ताणून धरायचा, आणि त्याच्या बाजूने कुंचा मारत जायचं-यायचं. घरात एवढी जागा कोणाच्या बापाची? म्हणून घरं बांधतानाच मधे ताण्याएवढी लांब जागा सोडली. ती पांजणगल्ली. एक टोक आपल्या दारातल्या दगडी खुंट्याशी आई धरायची, दुसरं पार वळणापलीकडे, पिंपळाजवळ, बाबा धरायचे. वळणामुळे दोघं एकमेकांना दिसत नसत. बाबा सुताला दोन जोरकस हिसके देत, म्हणजे ‘सैल सोड’. आईचे मात्र बारीक बारीक, पाठोपाठ. ते माझ्यासाठी असत. मी सुताला हात लावून मधे बसलेली असे, आणि ते हिसके आले की घरात जाऊन चहा ठेवायचा. आणि ताणा कधी ओलांडायचा नाही. साहेब येवो की सोयरा, वाकून खालून जायचं.

बाबांना जाऊनही बरीच वर्षं झाली. आपल्या गल्लीत आता एकही माग नाही. खुंटा आहे, त्याला मारोतराव स्कूटर टेकवतात.

आता ऐक.

होळीनंतरची गोष्ट. सामान पोचवणारा एक मुलगा दुपारी गल्लीत आला, पाठीवर मोठी पिशवी. आपल्या दाराशी आला आणि चांगला कमरेत वाकला, दोन पावलं तसाच चालला, मग सरळ झाला. मला वाटलं, काही पडलं असेल. पण परत जातानाही तिथेच वाकला. मग मी बघायला लागले. गॅसवाला सिलिंडर खांद्यावरून उतरवून ढकलत नेतो, तेवढाच टप्पा. मारोतरावांचा नवा कूलर आणला तेव्हा हमालांनी तो खाली ठेवला आणि सरकवत नेला. मारोतराव ओरडले, “उचला ना गा! घासून नेता काय?” तर तो हमाल म्हणाला, “काका, वर काही लागून राहिलं.” वर काय लागणार? वर उघडं आभाळ, तेही पांढरं पडलेलं.

यांच्यापैकी कोणीही आपल्या वस्तीतलं नाही. त्यांनी पांजणी जन्मात पाहिलेली नाही. आणि हे फक्त दुपारी. सकाळ-संध्याकाळ सगळे ताठ चालतात.

मी आईला काही बोलले नाही. पण आईचं वेगळंच चाललं होतं. जेवण झालं की ती खुंट्याजवळ जाऊन उभी राहायची, हात पुढे, मुठी बंद. डॉक्टर म्हणाले, वयाने असं होतं. मी तिला आत ओढायचे, ती यायची नाही. तिच्या पदराला पांढरा धुरळा लागायचा. मी तो बोटावर घेऊन पाहिला. खळ होती, चेतन. वाळलेली. घरात खळ कोण करतं आता?

एकदा चिडून म्हटलं, “आई, भर उन्हात कोणाची वाट पाहतेस?”

“वाट कायले पाहीन? काम करून राहिली.”

“पांजणी सकाळची करतात, दुपारची नाही.”

तर मलाच शिकवल्यासारखं म्हणाली, “सकायी गाड्या उभ्या राह्यतेत ना वं गल्लीत. म्हून त्यायनं आता दुपारची वेळ धरली.”

हे वाचून तू हसशील. मीही हसले असते. पण ती इतकं सहज बोलली, पाण्याच्या नळाची वेळ सांगावी तसं.

बुधवारी सरकारी कचेरीत गल्लीची सुनावणी झाली. साहेब सांगलीकडचे, सभ्य माणूस. “नाव सांगा,” म्हणाले. मी म्हटलं, “निनावे.” त्यांना वाटलं, मी नाव सांगायला नकार देते आहे. मग मारोतरावांनी समजावलं की असं आडनाव असतं. ते सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होते, या गल्लीवर कोणाची वहिवाट आहे का. सगळ्यांनी नाही सांगितलं. तुझ्या वतीनेही ऋषीने नाहीच सांगितलं. माझी पाळी आली आणि मी म्हणाले, “आहे.”

“कोणाची?”

“पांजणी करणाऱ्यांची.”

“पण माग तर बंद आहेत ना?”

“माग बंद आहेत,” मी म्हटलं. “पांजणी चालू आहे.”

मारोतरावांनी कपाळाला हात लावला. बाईचं डोकं उन्हाने फिरलं, असंच सगळ्यांना वाटलं. तुला ऋषीने फोन करून सांगितलं असेलच, म्हणून तर तू माझा फोन उचलत नाहीस. रागाव. तुझा हक्क आहे. निवृत्तीनंतर तुम्ही दोघं इथे येणार, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट असेल, नंदिनीच्या गुडघ्यांना जिना चढावा लागणार नाही, हे सगळं मला ठाऊक होतं. तुम्ही परत यावं असं माझ्याइतकं कोणालाच वाटत नाही. या घरात संध्याकाळी बोलायला माणूस नसतं रे. तरी मी ‘आहे’ म्हणाले, आणि का ते सांगायचं म्हणून हे सारं पुराण.

शुक्रवारी साहेब स्वतः जागा पाहायला आले. दुपारीच आले, त्यांना तीच वेळ मोकळी होती. मागे ऋषी, मारोतराव, टेप धरणारे दोघे. गल्लीत चिटपाखरू नाही. पिंपळाकडून ते चालत आले, आपल्या दाराशी पोचले, आणि वाकले. बोलता बोलता, हातातली फाइल छातीशी धरून, नीट वाकले आणि या बाजूला आले. मागचे सगळे वाकले. ऋषी वाकला. मारोतराव, ज्यांचे गुडघे धरलेले, तेही वाकले, आणि लहानपणच्या सवयीने एक हात वर धरून वाकले, सुताला डोकं लागू नये म्हणून.

साहेब सरळ झाले. मागे वळून पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून मानेवर फिरवला, तर रुमालाला पांढरं लागलं. त्यांनी मला विचारलं, “बाई, हे रोज असतं?” मी म्हटलं, “दुपारचं असतं.” त्यांनी उभ्या उभ्या फाइलवर लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं: गल्ली वापरात आहे, वहिवाट चालू आहे. चहा घ्या म्हटलं तर थांबले नाहीत. जाताना मात्र आपल्या दारावरून गेले नाहीत, दुसऱ्या तोंडाने लांबून वळसा घालून गेले.

तर तुझा चौथा मजला होत नाही, चेतन. संमतिपत्र कोरंच परत पाठवते आहे, याच पाकिटात आहे. मारोतराव शुक्रवारपासून बोललेले नाहीत. दार लावून बसतात.

आता तळहाताचं. विळी नाही लागली. तुला खोटं लिहिलं. पहिल्याच ओळीत खरं लिहिलं असतं तर पुढचं तू वाचलं नसतंस.

सुनावणीच्या आधीचा सोमवार. आई खुंट्याशी उभी होती. घामाने लुगडं भिजलेलं. मला म्हणाली, “शामले, धर वं जरा. मले आता नाही झेपत.” मी तिचं समाधान म्हणून हात पुढे केला. तिने माझ्या मुठीत काहीतरी ठेवलं. काही नव्हतं. मी मूठ मिटली, आणि ओढ लागली.

मी भ्याले. सरळ सांगते, मी फार भ्याले. सोडून द्यावंसं वाटलं. पण ताणलेला ताणा अर्ध्यात सोडला तर काय होतं, ते कोष्ट्याच्या पोराला सांगावं लागत नाही. साऱ्या सुताचा गुंता होतो. मग पलीकडून दोन हिसके आले. जोरकस. मी सैल सोडलं. हाताला आपोआप कळलं. तेव्हापासून रोज मीच धरते. सूत कापतं, सवय नाही ना हाताला. आई त्या दिवसापासून दुपारी गाढ झोपायला लागली, कितीतरी महिन्यांत झोपली नव्हती तशी. मला तेवढंच बरं वाटायचं. आणि सुनावणीत ‘कोणाची वहिवाट’ विचारल्यावर, हाताला फडकं बांधलेलं असताना मी नाही कसं म्हणणार होते?

एक विचारू? दिवाळीत तू आलास, दुपारच्या गाडीने. हातात बॅग. दाराशी येऊन वाकलास. मी विचारलं तर म्हणालास, पाठ धरली. तेव्हा मी हसले आणि तेल गरम करून दिलं. तुझी पाठ धरली नव्हती, हो ना?

आता राहिलं ते आजचं. आत्ताचंच. ते लिहायचं टाळत इथपर्यंत आले.

आज आई जेवली नाही. ताकाचे दोन घोट घेतले, भिंतीकडे तोंड करून झोपली. मी खुंट्याशी गेले, टोक धरलं. नेहमीसारखी ओढ आली. दोन हिसके आले, मी सैल सोडलं. कुंच्याचा आवाज जवळ आला, लांब गेला. गल्लीत सावलीसुद्धा नव्हती. मग बराच वेळ काही नाही. आणि मग पिंपळाकडून हिसके आले ते बारीक बारीक. पाठोपाठ. ‘शामले, चहा ठेव.’

बाबांनी असे हिसके जन्मात कधी दिले नाहीत.

मी टोक खुंट्याला बांधलं, आत आले, आणि ओसरीतच बसून हे पत्र लिहायला घेतलं. माझ्या मागे दार आहे, दाराच्या आत आईची खाट आहे. कूलर चालू आहे, त्याच्या आवाजात श्वास ऐकू येत नाही. वरती ‘आई बरी आहे’ असं लिहिलं, ते खोडलेलं नाही. कारण अजून मी पाहिलेलं नाही. ती उठून चहा मागेल आणि मला ‘येडी आहेस काय वं’ म्हणेल, असं होऊ शकतं. पत्र लांबत गेलं त्याचं कारण एवढंच. हे संपलं की मला उठून आत जावं लागेल.

काही असलं तर फोन करीन, आणि तो तू उचल. पत्र त्याच्या मागून पोचेल. भांडायचं असेल तर इथे येऊन भांड. जिना आहे, लिफ्ट नाही, पण नंदिनीसाठी खालची खोली रिकामी करीन. दुसऱ्या टोकाला आता दोघं असतील तर या टोकाला मी एकटी पुरणार नाही, आणि खुंट्याची गाठ काही कायम टिकणारी नाही.

विमानतळावरून रिक्षा पिंपळापर्यंतच येते, पुढे पायी. घाईत असशील, डोळे भरलेले असतील, तरी दुपारची वेळ असली तर दारापाशी जरा वाकून ये.

तुझी,
ताई