कोरडा खांदा

गोरेगाव, शुक्रवार, दिवेलागणीला

आईला जाऊन आठवडा होत आला अन् माझ्या डोळ्यांतून अजून टिपूस नाही.

आजही जीप भरून बायका भेटायला आल्या. गल्लीच्या वळणापासूनच त्यांनी गळा काढला. अशा वेळी घरच्या लेकीनं धावत जाऊन गळ्यात पडायचं असतं. मी गेले, पडले. माझा खांदा त्यांच्या आसवांनी भिजला. त्यांच्यातल्या चुलतीनं मात्र स्वतःचा खांदा चाचपून पाहिला. कोरडा.

"काहून गं, सावत्र होती का तुझी माय? रड की, मोकळी व्हशील."

मला काय हौस आहे? छातीत धोंडा बसलाय, घास उतरत नाही. त्या सगळ्या रडून, चहा पिऊन हलक्या होऊन गेल्या. मला त्यांचा हेवा वाटला. आईच्या दुखवट्यात हेवा! कसली बाई आहे मी?

खांद्यावरचा ओलावा अजून तसाच आहे. दुसऱ्यांच्या आसवांचा. तरी ब्लाउज बदलावासा वाटत नाही.

मघाशी कनेरगावहून मावशीचा फोन आला. गुडघ्यामुळं तिला येता आलं नाही. वाटलं, आता हीही गळा काढणार. पण ती एवढंच म्हणाली, "जेवली का गं माय?"

हुबेहूब आईचा आवाज. डोळे चुरचुरले, अन् मी घाबरून फोन कट केला.

का केला कट? आठवडाभर ज्याच्यासाठी तडफडले, तेच तर आलं होतं.

फोन परत वाजून राहिलाय. मावशीच आहे.