गेटसभेत वाचलेली तक्रार

म्हैसूर,
१० नोव्हेंबर २०२४

चि. तुंगास,

अनेक आशीर्वाद. तुझ्या सासऱ्यांचा, सदाशिवरावांचा खोकला उतरला असं कळलं, बरं वाटलं. इकडे तुझ्या मामीचा गुडघा दुखतोच आहे. तुझ्यासाठी चित्रान्नाचा डबा पाठवते म्हणत होती. मीच थांबवलं. तुमच्या दारात कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

दहा दिवस तू कामावर नाहीस. नंजनगूडला कारखान्यात जाणाऱ्या बसमध्ये मी चढलो की पॅकिंगच्या बायका बोलायच्या थांबतात.

तुझी तक्रार तू बंद पाकिटात, तक्रार समितीच्या पेटीत टाकली होतीस. कामगारांचा प्रतिनिधी म्हणून ती मी उघडली. चिदंबर सुपरवायझर बाथरूमला जाणाऱ्या बायकांची मिनिटं मोजतो, सगळ्यांदेखत "काय महाराणी, परत?" म्हणतो. ते वाचून माझं डोकं भडकलं. तुझ्या मूत्रपिंडाच्या आजाराचंही तू लिहिलं होतंस. समितीला कळावं म्हणून. फक्त समितीला.

संध्याकाळी कारखान्याच्या दारात कामगारांची गेटसभा होती. तीनशे माणसं, हातात माइक. मी तुझा कागद जसाच्या तसा वाचला. नाव वगळलं, त्याचा वर अभिमान! टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी तू मला अडवलंस, "मामा, हा आजार तिथं मला एकटीलाच आहे. नाव कशाला हवं?"

इथवर तुला ठाऊक आहे.

नंतर मॅनेजर किरणकुमारांनी मला बोलावलं. "गुप्त तक्रार सभेत कशी वाचली?" समितीतून काढतील म्हणून घाबरलो. म्हणालो, "तिच्याच सांगण्यावरून." सुपरवायझरची बदनामी केल्याची नोटीस तुझ्या घरी आली ती त्यामुळे. तुला वाटलं, हे मॅनेजमेंटने रचलं. ते मी रचलं, तुंगा.

काल घरी बोललो. मामी म्हणाली, "अय्यो, माइक हातात आला की तुम्हाला समोरचं माणूस दिसतच नाही." मग उठून आत गेली.

खरं काय ते सहीनिशी किरणकुमारांना लिहून दिलं आहे. प्रत सोबत ठेवली आहे. समितीही सोडली. गुरुवारी सकाळी दहाला त्या नोटिशीची सुनावणी आहे. तुझी बाजू पॅकिंगमधली सहना मांडेल. ती ऐकून घेते, कमी बोलते. चिदंबरविरुद्धची तक्रार मागे घेऊ नकोस, एवढंच मागणं आहे, आणि तेही मागायचा हक्क मला नाही.

मी बाहेर बाकावर बसेन. तू बोलावलंस तरच आत येईन.

तुझ्या तोंडी खोटं घालणारा,
खंडोजीराव