चांगले दिवस डॉक्टरांना कोण सांगतं

गुरुजी, काल साताऱ्यात नातीला घेऊन मनाच्या डॉक्टरांकडं गेलो आणि दिवसभर तुम्हीच डोळ्यांपुढं होता. इस्लामपूरकडच्या आपल्या शाळेतून अख्खा वर्ग तुम्ही गुऱ्हाळावर नेला होता, ती दुपार. काहिलीत रस उकळतोय, आणि तुम्ही कवितेमागून कविता म्हणताय. कैक दिवसांची झोप नाही, जेवणाची शुद्ध नाही, डोळे लखलखीत. गुळव्या ढवळायचा थांबून म्हणाला, "मास्तरांच्या अंगात सरस्वती आली गड्या!" गावानं तुम्हाला हार घातला. पुढं चैत्रात तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडलात, तेव्हा त्याच गावानं 'नजर लागली' म्हणून तुमच्यावरून नारळ उतरवला. हार आणि नारळ एकाच दुखण्याचे, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

नात दिवाळीनंतर अंथरुणातून उठेना. डॉक्टरांना मी तेवढंच सांगितलं. ते म्हणाले, "आजोबा, याच्या अगदी उलट कधी असते का ही?" मी खुललो. "व्हय की! दसऱ्याला न झोपता अख्खं घर एकटीनं रंगवलं हिनं. लय आनंदात होती." लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. "बरं झालं बोललात. नुसतं उदासीचं औषध दिलं असतं, तर उलटलं असतं कदाचित." अहो, चांगले दिवस डॉक्टरांना कोण सांगतं? मग त्यांनी समजावलं. हे उदासी आणि उधाण आलटून पालटून येण्याचं एकच दुखणं, त्याचे दोन प्रकार. एका प्रकारात उधाण इतकं चढतं की माणसाला दवाखान्यात ठेवायची वेळ येते. दुसऱ्यात ते बेताचं, घरच्यांना कौतुकच वाटावं असं, पण उदासी फार खोल. हिचा बहुधा दुसरा. तुमचा कुठला होता? रात्रभर जुळवत बसलो, जुळेना.

परतताना एसटीत नात म्हणाली, "आबा, मग घर रंगवलं ते मी, का आजारानं?" त्या गुऱ्हाळातल्या दुपारच्या जोरावर तर माझा सगळा जन्म गेलाय. ती तुमची म्हणू, का तुमच्या दुखण्याची? "गोळ्या घे बाय," एवढंच म्हणालो. "भिंतीचा रंग काय त्यानं जात न्हाई." घरी आल्यावर पाणी तिनंच मागितलं आणि पहिली गोळी घेतली.

तुम्ही जाऊन कैक वर्षं झाली, हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? एक मात्र सांगतो. "तुमच्या घराण्यात आणखी कुणाला असं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं होतं. मी नाही म्हणालो, आणि ते खरंच होतं. तरी ओठांवर तुम्हीच आला होता.