झाडावरचा ताईत

दुबई, २७ डिसेंबर १९६५

हमीदा, तुला बदरूभाईचा सलाम आणि अम्मीला कदमबोसी.

मी मजेत आहे. अम्मीचा गुडघा कसा आहे? आपला धाकटा जमाल ज्या लाँचने निघाला, ती अजून लागलेली नाही. पण या दिवसांत वाऱ्यामुळे उशीर होतो, असं इथे सगळेच म्हणतात.

परवा नाताळ झाला. गोऱ्या मडमा घरं सजवतात आणि एकमेकींची घरं बघत फिरतात. बघणाऱ्याने दवाखान्यासाठी डब्यात काहीतरी टाकायचं. तो डबा माझ्या हातात होता! ड्रायव्हर असून मी पाचही बंगले आतून पाहिले, केकसुद्धा खाल्ला.

अम्मीला इथपर्यंतच वाचून दाखव. पुढचं तू एकटीने वाच.

शेवटच्या बंगल्यात नाताळच्या झाडावर शिंपले टांगले होते. मडम म्हणाली, खोरफक्कानच्या किनाऱ्यावर वेचले. लाँचवाले बिनकागदाची आपली माणसं तिथेच, किनाऱ्याच्या अलीकडे पाण्यात उतरवतात. शिंपल्यांच्या मध्ये हिरव्या कापडात शिवलेला एक ताईत लटकत होता. मडमेला तो फार सुंदर वाटला होता. मी तो मागून घेतला.

त्याचे टाके उलट्या बाजूला कललेले आहेत, तू डाव्या हाताने घालतेस तसे.

जमालला ताईत तूच शिवून दिला होतास ना? तसे गावात आणखी कुणाकुणाला दिलेस? नीट आठव. दोघा-तिघांना तरी दिले असशीलच. दिले होते, एवढंच लिही.

तुझा भाऊ,
बदरुद्दीन