मल्लेश्वरीचा व्हिडिओ काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. अधिकारीसाहेब,
इंटरनेट तक्रार कक्ष, जिल्हा कचेरी.

अर्जदार : दानम्मा अमृतप्पा बिरादार, पिठाची गिरणी, मु. जनवाडा.

विषय : माझ्या मुलीचा चेहरा जोडलेला घाणेरडा व्हिडिओ इंटरनेटवरून काढणे.
संदर्भ : माझे आधीचे कन्नड व इंग्रजी अर्ज. (उत्तर नाही.)

महोदय,

विनंतीपूर्वक अर्ज करते की, माझी मुलगी मल्लेश्वरी नर्सिंग शिकते. लग्नातल्या फोटोतला तिचा चेहरा उचलून कुणीतरी दुसऱ्याच बाईच्या नागड्या व्हिडिओला जोडला. ते अंग माझ्या लेकीचं न्हाई, हे मला कचेरीत चारचौघांत सांगावं लागलं. तरी पुरावा म्हणून पेनड्राइव्ह मागितला. दिला. मग खात्री करायला तो टेबलाटेबलावर बघितला गेला. एवढी खात्री कामून लागते, साहेब?

कन्नडमधला अर्ज दिला, तर वर इंग्रजीत लागतो म्हणाले. वकिलाकडून तोही करून दिला. मग सांगितलं, व्हिडिओ ज्या कंपनीच्या ॲपवर आहे ती परदेशातली आहे, तिथे आपला कायदा चालत न्हाई. कंपनीने कळवलं की सदर व्हिडिओ त्यांच्या समुदायाच्या नियमांत बसतो. त्या समुदायात कुणाला आयाबहिणी आहेत की न्हाई, याचा कृपया खुलासा व्हावा. आता मराठीत लिहितेय, कारण राग मला ह्याच भाषेत येतो.

मधल्या काळात माझा पुतण्या प्रशांतकुमार याने गल्लीतल्या तुंबलेल्या गटारीचा व्हिडिओ टाकला आणि खाली आपलं नाव घेऊन, झोपलात का, एवढंच विचारलं. सकाळी टाकलेला व्हिडिओ दुपारच्या चहाला गायब! त्याच परदेशी कंपनीने काढला, आपल्याच कक्षाच्या पत्रावरून. वर पोराला ठाण्यात बसवून ठेवलं. गटार अजून तशीच आहे.

मल्लेश्वरी कॉलेजला जाईना. कुणाच्या हातात मोबाइल दिसला की तोंड झाकते. आतून कडी लावून बसते. मी ताट दाराशी ठेवते, तसंच परत उचलते. मी गिरणी चालू ठेवून दर घटकेला कडी वाजवून येते, तिने ओ दिली की मग जात्याकडे वळते. मला लई भीती वाटायलीय.

तरी माझ्या मुलीच्या अब्रूसाठी व्हिडिओ निघत नसेल, तर आपल्या अब्रूसाठी काढावा. त्याकरिता मी आज संध्याकाळी त्या व्हिडिओखाली आपलं नाव, हुद्दा घालून मला येतील तेवढ्या शिव्या लिहिणार आहे. मला पुष्कळ येतात. नंतर मला खुशाल ठाण्यात न्यावं, पण आधी व्हिडिओ काढावा.

आपल्यापुढे आजवर नम्र राहिलेली,

(सही) दानम्मा अमृतप्पा बिरादार
जनवाडा, दि. १४ जुलै २०२५